बाटलीत न मावणारं तळं

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, वायव्येकडच्या जंगलात, काही तळी नावाने नव्हे, नंबराने ओळखली जातात. त्यातलं २२६ नंबरचं तळं डमरूच्या आकाराचं. १९७३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या कमरेत प्लास्टिकचा भक्कम पडदा पार तळापर्यंत सोडला आणि एका तळ्याची दोन केली. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे घातलं, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. फॉस्फरसच्या बाजूचं पाणी हिरवंगार झालं. पडद्यापलीकडचं होतं तसंच राहिलं. आकाशातून घेतलेला त्या तळ्याचा फोटो पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला.

एवढा खटाटोप कशासाठी? साठच्या दशकात ईरी सरोवर शेवाळाने इतकं माखलं होतं, की वर्तमानपत्रांनी ते मेल्याचंच जाहीर करून टाकलं. संशय कपड्यांच्या साबणातल्या फॉस्फेटवर होता. साबण उद्योगाने बोट दाखवलं कार्बनकडे, आणि त्यांच्याकडे पुरावाही होता: बाटलीत घेतलेल्या पाण्यात कार्बन मिसळला की शेवाळ वाढायचं. प्रयोग खोटा नव्हता. पण तळं उघडं असतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरत राहतो, ही गोष्ट बाटलीत दिसायची नाही. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२७ नंबरच्या तळ्यात ते आधीच दाखवून दिलं होतं. त्या पाण्यात मुळात कार्बन फार कमी. तरी १९६९पासून फॉस्फरस आणि नायट्रोजन घालताच शेवाळ फोफावलं. लागणारा कार्बन त्याने हवेतून मिळवला. शिंडलर यांना १९९१ साली पहिलं स्टॉकहोम जल पारितोषिक मिळालं.

२२७ नंबरची गोष्ट तिथे संपली नाही. १९९० साली त्यात नायट्रोजन घालणं बंद केलं, फॉस्फरस चालू ठेवला. तळं निवळलं नाही. हवेतला नायट्रोजन पकडणारं निळं-हिरवं शेवाळ पुढे सरसावलं. म्हणून नायट्रोजनकडे दुर्लक्ष करावं का? इथे तज्ज्ञांत आजही जुंपते. समुद्राला मिळणाऱ्या खाड्यांचं गणित वेगळं, असं अनेकजण सांगतात. साबणातल्यापेक्षा शेतातला फॉस्फरस आवरणं तर आणखी जड. ऑगस्ट २०१४मध्ये ईरीच्या काठच्या टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात शेवाळाचं विष सापडलं आणि लाखो लोकांना ते पिऊ नका, असं सांगावं लागलं. उकळूनही उपयोग नव्हता, कारण हे विष उकळल्याने जात नाही.

पुण्या-पिंपरीचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या उजनी धरणाच्या हिरव्या पाण्यामागेही फॉस्फरस-नायट्रोजनचं हेच रसायन आहे. जलपर्णी काढायला दरवर्षी यंत्रं उतरतात, ती दिसतातही. पण मैलापाण्यातून येणारं खत वरच्या अंगाला अडवलं नाही, तर जलपर्णीला पुढच्या हंगामाची शिदोरी आयतीच मिळते.

सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रयोग २६० नंबरच्या तळ्यातला. गर्भनिरोधक गोळ्यांत असतं ते कृत्रिम इस्ट्रोजेन शहरांच्या सांडपाण्यातून नद्यांत उतरतं. २००१ ते २००३ या काळात कॅरेन किड आणि सहकाऱ्यांनी ते या तळ्यात घातलं, एका लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शाच्या पाच-सहा पट. तेवढ्यावर फॅटहेड मिनो या छोट्या माशाचे नर अंड्यासाठी लागणारं प्रथिन तयार करू लागले. काही वर्षांत त्या माशाची तळ्यातली संख्या जवळजवळ शून्यावर आली, त्याला खाणाऱ्या ट्राउटचीही उपासमार झाली. औषध थांबवल्यावर मासा हळूहळू सावरला. काचेच्या टाकीत एकेका माशाला काय होतं ते कळलं असतं. अख्खी जमात कोसळते, हे कळायला तळंच हवं होतं.

असे प्रयोग वर्षानुवर्षं चालतात, सरकारांचा धीर मात्र तितका टिकत नाही. २०१२ साली कॅनडाच्या केंद्र सरकारने या तळ्यांचा निधी थांबवायचं ठरवलं. शास्त्रज्ञ आणि नागरिकांनी ओरड केली, आणि २०१४मध्ये एका स्वतंत्र संशोधन संस्थेने, ओंटारिओ आणि मॅनिटोबा या प्रांतांच्या मदतीने, कारभार हाती घेतला. त्यामुळेच पुढचे प्रश्न हाती घेता आले. त्यातला एक मायक्रोप्लास्टिकचा: ३७८ नंबरच्या तळ्यात आता प्लास्टिकचे कण मुद्दाम सोडले जातात आणि ते तळाशी किती बसतात, माशांच्या पोटात किती पोचतात, याचा हिशेब मांडला जातो.