ग्राहकांची वही व कामाची वही : दोहोंची जोड कशी घालावी?

आमच्या पनवेल तालुक्यात शेतमाल विकण्याची रीत पालटत आहे. बाजारात माल उतरवून पट्टी घेतली की शेतकऱ्याचा संबंध संपला, ही जुनी रीत चालू आहेच. परंतु तिच्या जोडीस खारघर, कामोठे, कळंबोली येथील कुटुंबांस तांदूळ, भाजी व आंबा थेट पोचविणारे शेतकऱ्यांचे गटही निघाले आहेत. अशा धंद्यात दोन वह्या आपोआप उत्पन्न होतात. एकीत ग्राहक कोण, त्याने काय मागितले, कोणता दिवस दिला, पैसे आले की नाही व तक्रार काय, हे लिहिले जाते. दुसरीत आज काढणी कोठे, पेट्या कोणी भरावयाच्या, गाडी केव्हा निघावयाची, कोणते काम झाले व कोणते राहिले, हे असते. हल्ली ह्या दोन्ही वह्या संगणकात व फोनात आल्या आहेत. पहिलीस सीआरएम, म्हणजे ग्राहकसंबंधांचे दप्तर, म्हणतात. दुसरीस प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे सॉफ्टवेअर, म्हणजे कामांचे दप्तर. दोन्ही स्वतंत्रपणे उत्तम असूनही त्यांची जोड नसेल तर काय होते, हे प्रथम पाहू.

आमच्या ओळखीच्या एका लहान गटाकडे एका इमारतीने मिळून हापूसच्या वीस पेट्या मागविल्या. पुढे त्यांचा समारंभ आठ दिवस लांबला व तसे त्यांनी कळविले. फोन घेणाऱ्या मुलाने ग्राहकाच्या नोंदीत तारीख तत्परतेने बदलली. आढी लावणाऱ्या व पेट्या भरणाऱ्या माणसांपाशी मात्र जुनीच तारीख राहिली. आढी आधी उघडली, पेट्या आधी निघाल्या, आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या. आठ दिवसांनी त्यांतील निम्मा आंबा देण्याजोगा उरला नव्हता. येथे कोणीही आळस केला नव्हता. प्रत्येकाने आपापली वही चोख ठेवली होती. चूक झाली ती दोन वह्यांच्या मधल्या जागेत.

आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेली असल्यामुळे ही गोष्ट ऐकताच आम्हांस गावनमुन्यांची आठवण झाली. नमुना ६ फेरफाराचा, नमुना ७ अधिकार अभिलेखाचा, नमुना ८ अ खातेदाराच्या एकंदर जमिनीचा. कामे निरनिराळी, म्हणून नमुने निरनिराळे. परंतु गट क्रमांक, खाते क्रमांक व फेरफार क्रमांक ह्या तीन दोऱ्यांनी ते एकमेकांस बांधलेले आहेत. सातबारावर नावाशेजारी फेरफाराचा आकडा असतो तो ह्याचसाठी. नाव तेथे कोणत्या कारणाने आले, हे त्या आकड्यावरून काढता येते.

पूर्वी खरेदीखत नोंदले गेल्यावर त्याची खबर महसुली दप्तरास पोचण्यास काळ लागे. आता नोंदणीच्या कचेरीतून ती वर्दी संगणकाद्वारे फेरफाराकडे जाते. तथापि नाव तत्क्षणी लागत नाही. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० अन्वये हितसंबंधितांस नोटीस निघते, हरकतीस १५ दिवसांची मुदत मिळते व मग अधिकारी नोंद प्रमाणित करतो. दोन दप्तरे जोडण्याचे सारे मर्म ह्यात आले आहे. वर्दी यंत्राने न्यावी. कोणत्या क्षणी ती नोंद पक्की धरावयाची, हे मात्र माणसांनी आधी ठरवून ठेवावे.

जोड घालण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला, दोन्ही दप्तरे एकाच कंपनीची घेणे. उदाहरणार्थ, झोहो ह्या भारतीय कंपनीची झोहो सीआरएम व झोहो प्रोजेक्ट्स ही दोन सॉफ्टवेअरे परस्परांशी जोडता येतात. दुसरा, मध्ये अडत्या ठेवणे. झॅपिअरसारखी सेवा एका दप्तरावर नजर ठेवते व तेथे अमुक घडले की दुसऱ्यात तमुक लिहिते. तिसरा, जाणत्या माणसाकडून स्वतःची जोड करवून घेणे. ही जोड एपीआयच्या द्वारे होते. एपीआय म्हणजे सॉफ्टवेअरने बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेली खिडकी; ठरल्या नमुन्यात अर्ज द्यावा, ठरल्या नमुन्यात उत्तर घ्यावे. काही घडताच सॉफ्टवेअर आपण होऊन वर्दी पाठविते, तिला वेबहुक म्हणतात. पहिला मार्ग सोपा, दुसऱ्यात अडत्याची दलाली दरमहा, तिसऱ्यात प्रारंभी खर्च व पुढे त्या माणसावर अवलंबन. लहान गटाने पहिल्यापासून आरंभ करावा, असे आमचे मत आहे.

मार्ग कोणताही असो, पुढील नियम आधी कागदावर लिहून काढावेत.

(१) जोड क्रमांकाने घालावी, नावाने नव्हे. आम्ही नोकरीत असता एकाच नावाच्या दोन खातेदारांची गल्लत होऊन एकाचा बोजा दुसऱ्याच्या उताऱ्यावर चढलेला पाहिला आहे. तो उतरविण्यास त्या बिचाऱ्यास किती हेलपाटे पडले हे तोच जाणे. प्रत्येक ग्राहकास एक व प्रत्येक मागणीस एक क्रमांक द्यावा आणि मागणीचा क्रमांक दोन्ही दप्तरांत असावा. जोडण्यापूर्वी एकच ग्राहक दोनदा लिहिला गेला आहे काय, हे तपासून दुबार नोंदी काढाव्यात. त्या तशाच राहिल्यास यंत्र दोन गाड्या भरावयास सांगेल.

(२) प्रत्येक रकान्याचे मूळ घर एकच असावे. पत्ता, भाव व पोचविण्याची तारीख ग्राहकांच्या दप्तरात बदलावी. काम कोणाकडे व किती झाले, हे कामांच्या दप्तरात. दुसरीकडे त्याची केवळ नक्कल जावी. एकच तारीख दोन्हीकडे बदलता येऊ लागली की खरी कोणती हा वाद उत्पन्न होतो. शिवाय एकाने दुसऱ्यास व दुसऱ्याने पुन्हा पहिल्यास तेच कळवीत राहावे असा फेराही सुरू होण्याचा संभव असतो.

(३) काम केव्हा उत्पन्न व्हावे, तो क्षण ठरवावा. नुसत्या चौकशीवर काढणीचे काम निघू नये; मागणी पक्की झाली, ठरली असल्यास आगाऊ रक्कम आली, म्हणजे निघावे. तसेच माल पोचल्याची वर्दी ग्राहकाच्या नोंदीत आपोआप परत यावी, म्हणजे फोन घेणाऱ्यास शेतावर विचारीत बसावे लागणार नाही.

(४) बदल व रद्द मागण्यांची वाट स्वतंत्र ठेवावी. वर सांगितलेल्या वीस पेट्या ह्याच ठिकाणी गेल्या. तारीख बदलताच संबंधित कामाची तारीख बदलावी आणि ज्याच्याकडे ते काम आहे त्याच्या फोनवर सूचना जावी. त्याने ‘पाहिले’ म्हणून कळविल्यावाचून बदल पुरा झाला असे समजू नये. जुनी नोंद खोडू नये. फेरफाराप्रमाणे ती मागे दिसत राहावी.

(५) रोज ताळा घ्यावा. जोड तुटते तेव्हा आवाज होत नाही. परवलीचा शब्द बदलला, एखाद्या रकान्याचे नाव बदलले, की वर्दी थांबते व दोन्ही दप्तरे वरून निरोगी दिसतात. यास्तव सायंकाळी पक्क्या मागण्या किती व निघालेली कामे किती, हे दोन आकडे एका माणसाने ताडून पाहावेत. पाच मिनिटांचे काम आहे.

अशी जोड मोठ्या प्रमाणावर आपल्या महाराष्ट्रात झालेली आहे. इ. स. २००३ साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेहून अधिक सापडले. त्यानंतर अपेडा ह्या केंद्र सरकारच्या संस्थेने २००६ साली ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू केली. तीत निर्यातीच्या प्रत्येक बागेस नोंदणी क्रमांक मिळतो, आणि त्याच क्रमांकाच्या आधारे बाग, प्रयोगशाळा, पॅकहाउस व निर्यातीचे दाखले ही निरनिराळी दप्तरे जोडली जातात. तपासणीत नमुना नापास झाला की त्या बागेचा माल पुढे सरकत नाही. तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट ह्या वाढनियंत्रक द्रव्याचे अंश सापडून आपली द्राक्षे युरोपात अडली, कारण त्या द्रव्याचे नाव तपासणीच्या यादीतच नव्हते. दोरा मजबूत होता, रकाना नव्हता. जी गोष्ट कोणत्याच वहीत लिहिली जात नाही ती कितीही चांगल्या जोडीने पुढे जाणार नाही, हा त्यातील बोध आहे.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ग्राहकांचे पत्ते व फोन क्रमांक ही आपली मालमत्ता नव्हे, विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. गाडी हाकणाऱ्यास त्या दिवसाचा पत्ता पुरे. संपूर्ण यादी त्याच्या फोनात जाण्याचे कारण नाही. तेव्हा जोडताना आवश्यक तेवढेच रकाने पलीकडे जाऊ द्यावेत.

शेवटी आमची सूचना इतकीच की, सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी दोन साध्या वह्या घ्याव्यात, वरील नियम त्यांना लावावेत व दहा ग्राहकांचा एक महिना त्यांवर चालवून पाहावा. कागदावर जो ताळा जमत नाही तो यंत्रात जमणार नाही. तेथे तीच चूक अधिक वेगाने होईल. कागदावर जमला, तर मग यंत्र अवश्य घ्यावे. ते न थकता वर्दी नेईल, आणि पुढील हंगामात ग्राहकाने बदललेली तारीख आढी उघडण्यापूर्वी आढीपाशी पोचलेली असेल.