चौकटीतल्या बायका

‘‘ताई, पोरगं तुमच्याकडून रोज कॉमिक्सच आणतं. काहीतरी वाचायचं द्या ना त्याला!’’

आमच्या महिला मंडळाच्या छोट्याशा बालवाचनालयात हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतंच. म्हणजे कॉमिक्स हे ‘वाचणं’ नव्हेच! चित्रं बघितली, पानं उलटली, झालं. कोणी म्हणतं त्यानं शुद्धलेखन बिघडतं, कोणी म्हणतं डोळे बिघडतात. एका आजोबांनी तर पोरं बिघडतात असंच सांगून टाकलं. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते आणि नवीन पुस्तकं कोणती घ्यायची तेही मलाच ठरवावं लागतं. त्यामुळे आलेलं प्रत्येक कॉमिक्स मी आधी स्वतः वाचते. (घरचे म्हणतात, आवडतं म्हणून वाचतेस. असेलही!) वाचताना एक गोष्ट मात्र बघतेच बघते. यातल्या बायका काय करतात?

आमच्या गोंदियाची गंमत अशी की इथं कॉमिक्स म्हटलं की हिंदीच. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला डोंगरगड-राजनांदगाव. मुंबई-हावडा लाइनवरचं जंक्शन. बाजारात निम्मं बोलणं हिंदीत. लिपी एकच असल्यानं मराठी शाळेतली पोट्टीसुद्धा हिंदी कॉमिक्स सहज वाचून काढतात. आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉमिक्स भाड्यानं मिळायची. दुकानदार दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी ती टांगून ठेवायचा. दुपारी खसाच्या ताट्यांवर पाणी मारायचं आणि आडवं पडून वाचायचं. एका अंकाच्या भाड्यात अख्खं घर वाचून घ्यायचं, कारण संध्याकाळी तो परत करायचा असायचा.

इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत. टाइम्स समूहानं १९६४ साली ती सुरू केली. ली फॉक यांचा फँटम आपल्याकडे ‘वेताळ’ होऊन आला, सोबत जादूगार मॅन्ड्रेक. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरतींनी आपल्या मातीतला बहादूर आणला, डाकूंशी लढणारा. वेताळाची डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करायची, हे तेव्हा कोणाच्या लक्षात तरी आलं होतं का? बहादूरची बेलाही नुसती वाट बघत बसणारी नव्हती. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. घरोघरी आलेला टीव्ही आणि मागोमाग केबल यांनी भाड्याची दुकानंही हळूहळू मिटवली.

उरले चाचा चौधरी. प्राण यांनी १९७१ मध्ये ‘लोटपोट’ या हिंदी मासिकासाठी ते जन्माला घातले. २०१४ मध्ये प्राण गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पगडीवाला म्हातारा डोक्यानं जिंकतो आणि गुरू ग्रहावरून आलेला साबू अंगाच्या बळानं. पोरांना अजूनही आवडतात. मला मात्र त्यातल्या चाचीसाठी वाईट वाटतं. हातात लाटणं, तोंडात टोमणा. एवढ्या पानांत त्या बाईला एकदा तरी डोकं चालवू द्यायचं! याच प्राण यांनी १९६८ मध्ये ‘सरिता’ मासिकासाठी ‘श्रीमतीजी’ काढली होती. तिच्यात घरातल्या बाईच्या नजरेनं थोडंफार हसणं होतं. आणि ‘पिंकी’ तर मस्तच! पाच वर्षांची पोरगी, सोबत खार, अख्ख्या गल्लीला हैराण करते. मुलींना द्यायची तर पिंकी आधी द्या.

अमर चित्रकथेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण ‘कॉमिक्स नको’ म्हणणाऱ्या आयासुद्धा ही घरी आणतात. अनंत पैंनी १९६७ मध्ये ती सुरू केली. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची नावं येत होती, पण रामाच्या आईचं नाव येत नव्हतं. ते बघून पैंच्या मनात हा विचार आला, असं ते सांगत. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते, ‘कृष्ण’ हा अकरावा. तो कृष्ण काढला राम वाईरकरांनी. पुढे १९८० मध्ये ‘टिंकल’ आलं. त्यातला सुपंदी आधी वाईरकरांच्याच हातून उतरला आणि शिकारी शंभू वसंत हळबेंच्या. तो शंभू, टोपीखाली डोळेच दिसत नाहीत तो! पुण्याच्या प्रताप मुळीकांनी अमर चित्रकथेची कितीतरी पानं रंगवली आणि राज कॉमिक्सचा सुरुवातीचा नागराजही त्यांचाच. चित्रं काढणारे हात असे आपलेच, पण मराठीत स्वतंत्र कॉमिक्सचा धंदा काही उभा राहिला नाही. त्याचं मला राहून राहून नवल वाटतं. पडद्यामागे एक बाईही होती, कमला चंद्रकांत. अमर चित्रकथेच्या सुरुवातीच्या काळातलं लेखन-संपादन त्यांनी केलं. पैंचं नाव सगळ्यांना माहीत असतं, कमलाबाईंचं कोणालाच नसतं. असो.

अमर चित्रकथा चांगली आहे, पण डोळे मिटून देण्यासारखी नाही. देव गोरे-निळे आणि राक्षस काळे, हे बघून आमची एक सावळी चिमुरडी मला म्हणाली, ‘‘मग मी राक्षस?’’ काय उत्तर द्यायचं सांगा! आणि सती जाणाऱ्या राण्यांचे जे अंक आहेत, ‘पद्मिनी’, ‘रणक देवी’, ते मी लहान मुलींच्या हातात एकटीनं वाचायला देत नाही. ज्वाळा इतक्या देखण्या रंगवल्यात की मरणच दागिन्यासारखं दिसतं. सोबत बसून वाचते, मग बोलते.

पण ‘राणी दुर्गावती’? ती आमच्या कपाटातली सगळ्यात फाटकी प्रत आहे. चंदेल घराण्याची मुलगी, गढा-मंडल्याच्या गोंड घराण्यात दलपतशाहाला दिलेली. नवरा गेला तेव्हा मुलगा लहान, म्हणून राज्य तिनं हातात घेतलं आणि चांगलं दीड दशक चालवलं. माळव्याच्या बाजबहादूरला परतवून लावलं. अकबराचा सरदार आसफखान चालून आला तेव्हा १५६४ च्या जूनमध्ये ती हत्तीवरून लढली. बाण लागून घायाळ झाल्यावर शत्रूच्या हाती पडण्याऐवजी तिनं स्वतःचा शेवट केला. मंडला आमच्यापासून काही फार दूर नाही. आमच्या इकडच्या गोंड मुलींना ही राणी पाहुणी वाटत नाही, घरचीच वाटते.

हा अंक ज्यांनी सगळ्यात जास्त वेळा नेला त्या कोणी शाळकरी मुलगी नव्हेत. बिड्या वळणाऱ्या एक बाई आहेत, वय पंचेचाळीसच्या पुढे. तिसरीतून शाळा सुटली. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलात, एरवी मांडीवर सूप आणि बिड्या. आमच्या साक्षरता वर्गात त्या यायच्या, पण प्रौढांसाठीची ती पुस्तकं हातात धरली की जांभया द्यायच्या. एकदा नातवासाठी नेलेला अंक त्यांनीच चाळला आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, ‘‘ताई, हे तं वाचता येते मले.’’

येणारच! एका फुग्यात चार-पाच शब्द. अडलं तर चित्र सांगतं. बोलणारी बाई रागावली आहे की रडते आहे, ते चेहऱ्यावर दिसतं. पुढच्या चौकटीत काय झालं या ओढीनं बोट आपोआप सरकतं. हिंदी-मराठी शब्दांची सरमिसळ झाली तरी त्यांचं काही अडलं नाही, त्या घरी बोलतातच तशा. दुर्गावती वाचून त्यांनी मला विचारलं, ‘‘नवरा मेल्यावर एवढं राज्य चालवलं, तं दिराबिरानं अडवलं नाई का तिले?’’ मी जरा थांबलेच. कारण या बाईही विधवा. आणि पूर्वी एकदा घरच्याच माणसानं कशावर तरी त्यांचा अंगठा घेतला होता. कशावर, ते त्यांना आजवर कळलेलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात शेताच्या वाटणीचा कागद पुन्हा त्यांच्यापुढे आला. त्यांनी तीन दिवस तो ठेवून घेतला. ‘‘वाचून सांगतो,’’ म्हणाल्या. घरात बरीच चिडचिड झाली. अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघा मारून त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या. अकरा रेघा होत्या. ‘हक्कसोड’ या शब्दाखाली दोनदा. अर्थ समजावून सांगितला, एका वकीलबाईंकडे घेऊन गेले. सही त्यांनी अजून केलेली नाही. दीर बोलत नाही, सणाला डबा येत नाही, ते दुःख आहेच. वाटणीचं पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही.

आता नव्या मालाबद्दल. मुलं जपानी माँगा मागतात, उजवीकडून डावीकडे वाचायची असते ती. मोठी मुलं मोबाइलवर वाचतात, मला कळतही नाही काय. टिंकलनं २०१५ मध्ये ‘विंगस्टार’ आणली, मापुई कॉलिम नावाची मिझोरमची मुलगी. उडते, लढते आणि गृहपाठाचा कंटाळाही करते. ईशान्येकडच्या मुलीला नायिका करायला एवढी वर्षं लागली, पण केली. मोठ्यांसाठी अमृता पाटील यांचं ‘कारी’ (२००८) आणि महाभारतावरचं ‘आदिपर्व’ (२०१२) आहे. पुण्यात जन्मलेली, गोव्यात वाढलेली आपली मुलगी, पण पुस्तकं इंग्रजीत. मुंबईच्या अभिजीत किणी यांनी ‘अँग्री मावशी’ काढली, नऊवारीतली मावशी गुंडांना बडवते. तीही इंग्रजीत! मावशी आपली आणि भाषा परकी, हे काही पचत नाही बघा. मराठीत आपला म्हणावा तो ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू केलेला. तीन-चार चौकटींत घर उभं करायचं हे सोपं काम नाही. त्यातली आई मला विशेष आवडते. ती चिडते, दमते, फसते आणि हसतेही. चाचीला जे मिळालं नाही ते तिला मिळालंय. चिंटूची पुस्तकं आमच्याकडे दोनदा चोरीला गेली. याहून चांगली शिफारस कोणती?

यंदा मी एक महागडं पुस्तक मंडळाशी भांडून घेतलं. ‘भीमायन’. २०११ मध्ये दिल्लीच्या ‘नवयान’नं काढलेलं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड जोडप्याची. दुर्गाबाई मंडला जिल्ह्यातल्या. लहानपणी घराच्या भिंतीवर आणि अंगणात ‘दिग्ना’ काढायला शिकल्या, जशा आपण शेणसडा घालून रांगोळी शिकलो. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुस्तकात बाबासाहेबांच्या आठवणी आहेत. १९०१ मध्ये वडिलांकडे निघालेली, मसूर स्टेशनवर अडकलेली, वाटेत पाण्याला महाग झालेली मुलं. बडोद्याला राहायला जागा न मिळणं. चाळीसगावचा तो टांगा. या जोडप्यानं माणसांना चौकटीत कोंबायला नकार दिला, सरळ रेघांचे डबेच नाहीत. पानभर दिग्नाची वळणं फिरतात आणि त्यातून गोष्ट वाहते. गोड बोलणाऱ्याचा फुगा पाखराच्या आकाराचा, विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी!

आमची प्रत इंग्रजी आहे, म्हणून मी मराठीतून सांगत जाते आणि बाया पान बघतात. परवा दहा-बारा जणी होत्या. त्यात गोंड होत्या, बौद्ध होत्या, पोवार-कुणबीही होत्या. मसूरच्या पानावर एक जण हळूच म्हणाली, आमच्या माहेरी विहीर वेगळी होती. दुसरी म्हणाली, आमच्याकडे ती बांधणारे आम्हीच होतो आणि आजीनं कधी कोणाला पाणी वरून घातलं तेही मी पाहिलंय. मग कोणीच काही बोललं नाही. बिडीवाल्या बाईंनी पान उलटलं आणि बोट ठेवून विचारलं, ‘‘या फुग्यात का लिवलं हाय? नांगी हाय तं काही वंगाळच असन.’’

वाचून दाखवलं. वंगाळच होतं.

शनिवारी दुसरा भाग सांगायचा आहे, बडोद्याचा.