खजाना विहीर आणि इंटरनेट

इ. स. १९९५च्या प्रारंभी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे बर्नी डॉज आणि त्यांचे सहकारी टॉम मार्च यांनी ‘वेबक्वेस्ट’ नामक अध्यापनपद्धती सिद्ध केली, त्या वेळी आपल्याकडे सर्वसामान्यांस इंटरनेट खुले व्हावयाचे होते. ते त्याच वर्षी १५ ऑगस्टला झाले. पद्धतीचे मर्म एवढेच, की शिक्षकाने एखादे अर्थपूर्ण कार्य योजावे, संकेतस्थळे स्वतः पारखून द्यावीत, मुलांनी गटागटाने कामे वाटून घ्यावीत आणि हाती आलेली माहिती वहीत उतरवून न थांबता तिच्या आधारे काही निर्णय करावा.

बीड जिल्ह्यात मात्र साधन आधी आले आणि पद्धत मागाहून. केंद्राने २००४ साली शालेय संगणकशिक्षणाची योजना काढल्यावर काही वर्षांनी मी जेथे अध्यापन करीत होतो तेथे संगणक आला, डेडस्टॉकच्या वहीत रीतसर चढला आणि भारनियमनाच्या त्या दिवसांत बहुधा कुलपातच राहिला. पुढे २२ जून २०१५च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाले, गावोगाव लोकवर्गणीतून पडदे व प्रोजेक्टर आले. सुगाता मित्रा यांच्या कल्पनेतील, मोठा प्रश्न देऊन मुलांना मोकळे सोडणारी प्रयोगशाळा याच सुमारास फलटणला उभी राहिली. तिकडचा मोकळेपणा मला मोहवीत असे. परंतु डॉज यांची शिस्त आमच्या मुलांना अधिक मानवली.

पहिला पाठ आम्ही बीडच्या खजाना विहिरीवर योजला. मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत सलाबतखानाने बांधविलेल्या या विहिरीत दोन भुयारांनी पाणी येते व तिसऱ्याने शेतांकडे जाते. तेव्हा एका गटाने इतिहास, दुसऱ्याने नकाशावरून जमिनीचा उतार आणि तिसऱ्याने भोवतालच्या शेतकऱ्यांचे म्हणणे शोधावे, असे ठरले. बांधणीचे साल दोन संकेतस्थळांवर दोन निघाले. “सर, मग खरं कोणतं?” असे एका मुलीने विचारले, त्या क्षणी छापलेले सारे खरे मानण्याची आमची जुनी खोड प्रथमच डळमळली.

दुसरा पाठ दिवाळीनंतरचा, निम्मे बाक रिकामे झाल्यावरचा. आईवडील ऊसतोडीस गेल्यामुळे हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांसमोर प्रश्न ठेवला, की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यास एका कोयत्याला, म्हणजे एका जोडप्याला, किती टन ऊस तोडावा लागतो? टनाचा दर वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर सापडला, कारखान्याचे अंतर नकाशावर मोजता आले; उचलीचा आकडा मात्र कोठेच नव्हता. तो एका मुलाने फडावरच्या वडिलांना फोन लावून विचारला, आणि त्यानंतर बराच वेळ वर्गात कोणी बोलले नाही.

२०२०च्या टाळेबंदीत भ्रमणध्वनी घरोघर शिरला. परंतु त्यावरून बहुतेक गृहपाठच गेला, प्रश्न क्वचितच गेला. असा एक पाठ रचण्यास शिक्षकाला चारपाच संध्याकाळी लागतात. त्या संध्याकाळी त्याच्यापाशी नसतात. कारण शाळेतील इंटरनेटचा अधिक काळ आजही वरिष्ठ कार्यालयांनी मागविलेली माहिती भरण्यातच जातो.