वेदनेची देणगी

ख्रिस्ती धार्मिक साहित्याचा माझा व्यासंग नाही. तरीही एका श्रद्धाळू ख्रिस्ती शल्यचिकित्सकाचे पुस्तक आज माझ्या दवाखान्यातील टेबलावर कायमचे विसावले आहे, ते एका भूलतज्ज्ञ स्नेह्यामुळे. "जन्मभर लोकांच्या वेदना घालवल्या, हे वाचून मात्र वेदनेलाच नमस्कार करावासा वाटला," एवढेच बोलून त्यांनी ते माझ्या हाती ठेवले.

पुस्तकाचे नाव 'पेन : द गिफ्ट नोबडी वाँट्स'. डॉ. पॉल ब्रँड यांनी फिलिप यान्सी यांच्या सहकार्याने लिहिलेला हा ग्रंथ १९९३ साली प्रसिद्ध झाला. ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतील कोल्ली डोंगरातला. आईवडील मिशनरी. पॉल शिक्षणासाठी इंग्लंडात असताना १९२९ मध्ये वडील हिवतापाच्या एका उग्र प्रकाराने त्याच डोंगरात वारले. मृत्यूची तार पोहोचल्यानंतरही बोटीने निघालेली त्यांची पत्रे मुलाच्या हाती येतच राहिली. हा भाग वाचताना मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले होते.

ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोगतज्ज्ञ रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चिंगलपेटचे कुष्ठधाम दाखवले. तेथे एका रुग्णाने वाकड्या बोटांनी त्यांचा हात दाबला, तो इतक्या जोराने की ते कळवळले. याचा अर्थ सर्व स्नायू निकामी झालेले नव्हते! पुढे चांगल्या स्नायूंचे कंडर वळवून निकामी बोटे उघडण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी रूढ केल्या. पण बोटे झडत होती ती का? 'कुष्ठाने मांस कुजते' हा समज त्यांनी मोडून काढला. एका मुलाने गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवली आणि त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले; त्याला पत्ताच नव्हता. रात्री बोटे नाहीशी होत, ती उंदीर कुरतडत म्हणून. उपाय निघाला तो मांजरे पाळण्याचा! आनंदवनाची परंपरा सांगणाऱ्या मराठी वाचकालाही हा शोध थरारून सोडतो.

एका रात्री, इंग्लंडात, ब्रँड यांना स्वतःची टाच बधिर वाटली. सुई टोचली, वेदना नाही. आपल्यालाही कुष्ठ झाले, या धास्तीत रात्र सरली. सकाळी पुन्हा टोचले, तेव्हा कळ उठली आणि त्यांनी देवाचे आभार मानले. त्यांची श्रद्धा मला सर्वाधिक भावली ती येथे. उत्तरार्धातील काही प्रकरणे मात्र उपदेशाकडे झुकतात, असे माझे मत आहे. त्याहून मोलाचा आहे तो अमेरिकेतील कृत्रिम वेदनायंत्राचा फसलेला प्रयोग : इशारा नकोसा झाला की रुग्ण यंत्रच बंद करीत.

आपल्या मधुमेही रुग्णांच्या पावलांना हे सारे तंतोतंत लागू पडते. वडगावातील एक विणकर चपलेतून आरपार गेलेला खिळा घेऊन दिवसभर मागावर काम करून आले होते. "दुखत नाही, म्हणजे बरेच आहे ना, डॉक्टर?" त्यांचा प्रश्न. ड्रेसिंग करताना मी त्यांना कुलपाची गोष्ट सांगितली. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नीने ती अधिक लक्षपूर्वक ऐकली असावी. आता रोज रात्री, जेवणे आटोपली की, त्या दिव्याखाली त्यांचे दोन्ही तळवे तपासतात.