फियाटला डिझेलचं ऑईल चालतं का?

गॅरेजमध्ये बाई एकटी गेली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'ताई, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.' आणि ज्यांच्या घरी आता साहेबच नाहीत, त्यांनी काय करायचं?

आमच्या मंडळातल्या एका वहिनींवर ही वेळ आली. यजमान गेले आणि मागे १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी राहिली. घरातले सगळे तिला अजून फियाटच म्हणतात. 'भंगारात काढा' असा सल्ला पुष्कळांनी दिला. पण सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. वहिनींनी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्टिअरिंग हातात घेतलं. सगळं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस इंजिनाच्या वरच्या भागातून टक्‌टक्‌ आवाज येऊ लागला. एक मेकॅनिक म्हणाला, 'डिझेलचं ऑईल टाका, आवाज बंद!' दुसरा म्हणाला, 'डिझेलचं ऑईल टाकलंत तर इंजिन बसेल. आता उघडून कामच करून घ्या.' म्हणजे हजारोंचा खर्च! वहिनी घाबरूनच गेल्या.

मैत्रिणींनो, यात आधी एक घोटाळा दूर करायला हवा. डिझेलचं ऑईल म्हणजे टाकीत भरायचं डिझेल नव्हे. पेट्रोलच्या गाडीत चुकून डिझेल भरलं गेलं, तर गाडी चालूच न करता मेकॅनिकला बोलवावं. इथे प्रश्न आहे तो इंजिन ऑईलचा, म्हणजे ट्रक-टेम्पोच्या इंजिनात घालतात त्या वंगणाचा.

डबा हातात घेऊन बघा. त्यावर एपीआय असं लिहिलेलं असतं आणि पुढे अक्षरं असतात. 'एस'ने सुरू होणारी जोडी, उदाहरणार्थ एसएम, एसएन, ही पेट्रोल इंजिनासाठी. 'सी'ने सुरू होणारी, म्हणजे सीआय-४, सीके-४, ही डिझेलसाठी. कित्येक डब्यांवर दोन्ही असतात. असं ऑईल दोन्ही प्रकारच्या इंजिनांच्या चाचण्यांना उतरलेलं असतं.

मग जुन्या पेट्रोल गाड्यांचे शौकीन डिझेलच्या ऑईलमागे का लागतात? त्याचं कारण जस्त. पद्मिनीसारख्या जुन्या इंजिनात कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत फिरतो. तिथे फार दाब येतो. ऑईलमधलं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग तिथे पातळ थर धरतं आणि झीज रोखतं. पण हाच फॉस्फरस धुरातून जाऊन नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. म्हणून २००४ साली ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ पेट्रोल ऑईलमध्ये फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली गेली. डिझेलच्या २००६ च्या सीजे-४ या दर्जात मात्र ०.१२ टक्क्यांपर्यंत मुभा राहिली. जुन्या इंजिनाला हा जास्तीचा वाटा मानवतो. मात्र १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० अशा जाड पेट्रोल ऑईलना ०.०८ ची अट नाही. त्यामुळे डिझेलचंच ऑईल हवं असा हट्टही नको.

आता दुसरी बाजू. डिझेलच्या धुरात काजळी फार, म्हणून त्या ऑईलमध्ये साबणासारखे स्वच्छ करणारे घटक जास्त असतात. वर्षानुवर्षं न घासलेली कढई एकदम खरवडली तर काय होतं? खपल्या निघतात! जुन्या इंजिनातला चिकट गाळ असाच सुटून पंपाच्या जाळीत अडकू शकतो. म्हणून पहिल्यांदा असं ऑईल घातलं, तर हजार-दीड हजार किलोमीटरनंतरच ते बदलावं, फिल्टरही पाहून घ्यावा आणि ऑईलच्या दाबाच्या दिव्याकडे लक्ष ठेवावं.

आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. तुमच्या गाडीला तो असेल तर नुसतं डिझेलचं ऑईल घालू नका, पुस्तिकेत सांगितलेलंच घाला. मुलाच्या गिअरच्या मोटारसायकललाही हा प्रयोग नको. तिथे बहुधा क्लच त्याच ऑईलमध्ये भिजलेला असतो, त्यासाठी जासो एमए लिहिलेलं ऑईल लागतं.

आणि ऑईल म्हणजे काही रामबाण औषध नव्हे. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर रिंगा झिजल्या असण्याची शक्यता जास्त. जाड ऑईलने आवाज दबतो, झीज भरून येत नाही. वहिनींच्या गाडीचं म्हणाल, तर तिसऱ्या, वयस्कर मेकॅनिककाकांनी झाकण काढलं, टॅपेटमधली फट मोजली आणि ती नीट लावून दिली. टक्‌टक्‌ थांबली! इंजिन उघडावं लागलं नाही. ऑईल त्यांनी दोन्ही अक्षरांचं, १५डब्ल्यू-४० घातलं.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेऊन गेली, पण घरोघरच्या काही गाड्या अजून धावताहेत आणि त्यांची चावी पुष्कळदा बाईच्या पर्समध्ये असते. तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजमध्ये तीन प्रश्न जरूर विचारा : डब्यावर अक्षरं कोणती? ग्रेड कोणती? आवाजाचं कारण मोजून पाहिलंत का? ऑईल आपल्यासमोर सीलबंद डब्यातून ओतायला सांगा, बिलावर नाव लिहून घ्या. काढलेलं काळं ऑईल गटारात ओतू देऊ नका, ते विषारी असतं. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड असताना महिन्यातून दोनदा डिपस्टिक स्वतः पुसून बघा. भाजीत मीठ किती, हे आपण दुसऱ्याला विचारत नाही, मग हे तरी का विचारायचं?