तोंड आधी, आवाज मागून: जुन्या कॅसेटच्या कामात मी शिकलेला धडा



लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट पेनड्राइव्हवर करून द्यायचं काम आमच्या अंतरवाली सराटीसारख्या गावातही मिळतं. कॅसेट पेटीत जपून ठेवलेली असते, पण लावायला व्हीसीआर नसतो. धंदा चांगला आहे, फक्त माझी पहिलीच ऑर्डर फसली.

एक ताई लग्नाची कॅसेट घेऊन आल्या. त्यांच्या वारलेल्या वडिलांचा आवाज तेवढ्या एकाच कॅसेटमध्ये होता. मी सुरुवातीची दोन मिनिटं बघितली आणि पेनड्राइव्ह देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी ताई परत आल्या. "दादा, आबांचं तोंड आधी हलतंय, आवाज मागून येतोय." पाठवणीपर्यंत दोन सेकंदांचा फरक पडला होता.

चूक कुठं झाली? आपल्याकडच्या पॅल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम असतात. एका फ्रेममध्ये 625 ओळी, म्हणजे एका ओळीला फक्त 64 मायक्रोसेकंद. जुनी टेप ताणलेली असते, त्यामुळं ओळी वेळेवर येत नाहीत. कॅप्चर कार्ड गोंधळतं आणि मधल्या फ्रेम गाळतं. आवाज मात्र पूर्ण रेकॉर्ड होतो. 50 फ्रेम गळाल्या की चित्र दोन सेकंद पुढं पळालंच समजा!

यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, थोडक्यात टीबीसी. तो व्हीसीआर आणि कॅप्चर कार्डच्या मध्ये बसतो, चित्र मेमरीत साठवतो आणि ठरलेल्या वेळेला पुढं सोडतो. घेताना एक बघा: काही टीबीसी फक्त ओळी सरळ करतात, चित्राची थरथर थांबते. फ्रेम गळू नयेत म्हणून पूर्ण फ्रेम साठवणारा लागतो.

आता तपासायचं कसं? ताशावर काडी पडते ती जागा शोधा. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीन ठिकाणी बघा.

फरक सगळीकडं सारखा असेल तर एडिटिंगमध्ये आवाज तेवढा सरकवा, काम झालं. फरक वाढत जात असेल तर सरकवून उपयोग नाही. सॉफ्टवेअरमध्ये गळालेल्या फ्रेमचा आकडा बघा आणि पुन्हा कॅप्चर करा. आवाज 48 किलोहर्ट्झवर ठेवा, आणि चित्र व आवाज एकाच कार्डातून घ्या.

तीन तासांची कॅसेट कॅप्चर व्हायला तीन तासच लागतात. दर सांगताना हा वेळ, आणि तपासणीचाही, धरा. टेपवर बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालूच नका, हेड खराब होईल.

मी टीबीसी उसना आणून ताईंची कॅसेट पुन्हा केली, पैसे घेतले नाहीत. त्यांनी दुकानातच आबांचं बोलणं दोनदा ऐकलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या नणंदेच्या तीन कॅसेट आल्या.

तेव्हा ऑर्डर देण्याआधी शेवटची पाच मिनिटं बघायचीच. गिऱ्हाइकाच्या आधी चूक आपल्याला दिसली पाहिजे!