कल्पनेला कुंपण

दूरध्वनीची घंटा वाजली, कीं आपल्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो : कोण बोलत आहे, आणि कोठून? तारेच्या दूरध्वनीपुरतें याचें निम्में उत्तर क्रमांकांतच असतें. ०२० हे आंकडे पुण्याचे, ०२२ हे मुंबईचे. मोबाइलवरील अ‍ॅप हेंच काम करतें. क्रमांकाचे आरंभींचे आंकडे एका कोष्टकाशीं ताडावयाचे आणि प्रदेशाचें नांव पडद्यावर दाखवावयाचें. भारतांत जुलै २०१५ पासून परप्रांतीं गेल्यावरही जुना क्रमांक ठेवतां येतो; त्यामुळें मोबाइलचें अनुमान चुकूंही शकतें. पण युक्ति सोपी आहे, ती कोणालाही सुचावी. मग अशा युक्तीवर कोणा एकाचा मक्ता असूं शकेल काय?

पेटंट हा मूळचा एक न्याय्य सौदा आहे. संशोधकानें आपला शोध जगापुढें उघड करावा आणि त्याच्या मोबदल्यांत त्याला ठराविक काळ, बहुधा अर्जापासून २० वर्षें, त्यावर हक्क मिळावा. यंत्राच्या बाबतींत या हक्काची सीमा डोळ्यांना दिसते. निराळ्या रचनेचा पंप दुसरा कोणी खुशाल करूं शकतो. संगणकाच्या आज्ञावलीचें तसें नाहीं. तेथें हक्काची भाषा सैल असली, कीं कुंपण वस्तूभोंवतीं न पडतां कल्पनेभोंवतींच पडतें. शिवाय तीच युक्ति स्वतःच्या बुद्धीनें सुचली, हा बचाव पेटंटच्या दाव्यांत चालत नाहीं.

याचा अनुभव अमेरिकेनें घेतला आहे. स्थळ व विषय यांवरून माहिती शोधण्याच्या एका पद्धतीला तेथें १९९९ सालीं पेटंट मिळालें. पुढें जिओटॅग या कंपनीनें त्याच्या आधारें शेकडों उद्योगांवर दावे लावले. आपलें जवळचें दुकान ग्राहकाला दाखवावें, एवढेंच त्यांतील अनेकांनीं केलें होतें. गूगल लढली, आणि आपण उल्लंघन केलें नाहीं हा निर्णय तिनें २०१६ सालीं अपिलांतही टिकविला. परंतु लहानांनीं काय करावें? २०११ सालीं लॉडसिस या कंपनीनें अ‍ॅपमधील खरेदीच्या सोयीबद्दल लहान लहान अ‍ॅपकारांकडे परवान्याचें शुल्क मागितलें. वकिलाचा खर्च मिळकतीहून मोठा असला, कीं माणूस न्याय मागत नाहीं. तो पैसे भरतो, किंवा ती सोयच काढून टाकतो. जी सोय झालीच नाहीं, तिच्याबद्दल ग्राहक तक्रार तरी कशी करणार?

दुसरी बाजूही ऐकावयास हवी. उपग्रहांचे क्षीण संकेत पकडून फोनचें स्थान कांहीं मीटरांपर्यंत निश्चित करणें हें कष्टाचें आणि खर्चाचें संशोधन आहे. त्याला संरक्षण नसेल, तर भांडवल कोण घालील? म्हणून प्रश्न पेटंट असावें कीं नसावें हा नसून, तें कशावर असावें हा आहे.

२०१४ सालीं अ‍ॅलिस विरुद्ध सीएलएस बँक या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें, कीं अमूर्त कल्पना केवळ संगणकावर चालविली म्हणून ती पेटंटास पात्र ठरत नाहीं. आपल्या पेटंट कायद्याचें ३ रें कलम निव्वळ आज्ञावलीला शोध मानीत नाहीं. ही मर्यादा सैल करणारा २००४ चा वटहुकूम पुढील वर्षीं संसदेनें या बाबतींत स्वीकारला नाहीं. ‘निव्वळ’ या एका शब्दाच्या अर्थावर मात्र वाद चालूच आहे.

हा वाद वकिलांचा म्हणून आपण सोडून देऊं नये. घंटा वाजल्यावर पडद्यावर काय दिसेल, याचा निर्णय कित्येकदां या एका शब्दावर होत असतो.